राऊळ आणि देऊळ: रिद्धपूरच्या निमित्ताने

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात असलेले रिद्धपूर हे गाव मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला महानुभावांचे गाव म्हणून ठाऊक असते. गोविंदप्रभूंचे वास्तव्य, नागदेवाचार्य आणि म्हाइंभट यांची स्मृतिसंकलने, आणि अलीकडे तेथे उभे राहिलेले मराठी भाषा विद्यापीठ, एवढी त्याची ओळख पुरेशी वाटते. प्राचीन इतिहासाच्या विद्यार्थ्याला हेच गाव निराळ्या कारणाने ठाऊक असते. वाकाटक राजमाता प्रभावतीगुप्ता हिचा पाचव्या शतकातील ताम्रपट येथे सापडला. या दोन ओळखींची एकमेकींशी गाठ सहसा पडत नाही. एक वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकात राहते, दुसरी कोरीव लेखांच्या खंडांत. या दोन्ही एकत्र वाचल्या तर एक जुना प्रश्न नव्याने समोर येतो असे आम्हांस वाटते. राजा आणि देव यांच्यातील सीमारेषा कोण आखतो, आणि ती कोणत्या बाजूने ओलांडली जाते?

प्रश्नाची सुरुवात आपल्या भाषेतूनच करता येईल. 'देऊळ' हा शब्द 'देवकुल' या संस्कृत शब्दावरून आला आणि 'राऊळ' हा 'राजकुल' यावरून. देवकुल म्हणजे देवाचे घर, राजकुल म्हणजे राजाचे. परंतु मराठीत राऊळ म्हणजे राजवाडाही आणि देवालयही. नुसता 'राऊळ' शब्द ऐकला की आज आपल्यासमोर सिंहासन येत नाही, गाभारा येतो. राजाचे घर देवाचे घर कसे झाले? आणि गंमत अशी की उलटा प्रवासही झालेला आहे. एके काळी 'देवकुल' या शब्दाने राजांच्या प्रतिमांचे घर सुचवले जात असे.

भासाच्या नावावर असलेले 'प्रतिमा' नाटक आठवावे. आजोळाहून परतणारा भरत अयोध्येच्या वेशीबाहेर एका सजवलेल्या वास्तूत शिरतो. आतल्या मूर्ती देवांच्या आहेत असे समजून तो वंदन करू जातो, तेव्हा देवकुलाचा रक्षक त्याला थांबवतो. या मूर्ती देवांच्या नाहीत, इक्ष्वाकु राजांच्या आहेत. जिवंत राजांच्याही प्रतिमा येथे ठेवतात का, असे भरत विचारतो. केवळ दिवंगतांच्याच, असे उत्तर येते. आणि समोरच्या रांगेत दशरथ उभा असतो. पित्याचा मृत्यू भरताला निरोपाने कळत नाही, मूर्तीने कळतो. नाट्यदृष्ट्या हा प्रसंग श्रेष्ठ आहेच. आमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो रक्षकाचा हस्तक्षेप. मूर्ती आहे, फुले आहेत, वास्तूचे नावही देवकुल आहे. तरीही वंदन करणाऱ्याला सांगितले जाते की जपून, हे देव नव्हेत.

ही कविकल्पना मात्र नव्हती. मथुरेजवळच्या माट येथे कुषाण राजांच्या प्रतिमा सापडल्या. कनिष्काची मस्तक नसलेली, जाड बुटांतली प्रसिद्ध मूर्ती तिथलीच. तेथील लेखात 'देवकुल' हाच शब्द येतो. १९९३ मध्ये अफगाणिस्तानात सापडलेल्या रबातक लेखात कनिष्काने देवतांच्या मूर्तींबरोबर आपल्या पूर्वजांच्या आणि स्वतःच्या मूर्ती करवण्याची आज्ञा दिल्याचे नोंदवले आहे. कुषाण राजे स्वतःला 'देवपुत्र' म्हणवीत. महाराष्ट्रात याला सर्वांत जवळचे उदाहरण नाणेघाटाचे. तेथील लेण्यात सातवाहन घराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमांची रांग होती. सिमुक, राणी नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार, महारठी, अशी नावे भिंतीवर कोरलेली आहेत. त्या आकृती आज नष्ट झाल्या, नावे उरली. मात्र त्याच लेण्यातील मोठा लेख इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना नमन करून सुरू होतो, आणि पुढे यज्ञांची आणि दक्षिणांची लांबलचक यादी देतो. म्हणजे राजघराण्याची प्रतिमा आहे, पण नमन देवांना आहे. भासाच्या रक्षकाने आखलेली रेषा येथेही पुसलेली नाही.

रोमन साम्राज्यात ती रेषा निराळ्या ठिकाणी पडली. ज्युलियस सीझरला मृत्यूनंतर, इसवी सनपूर्व ४२ मध्ये, सिनेटने देवत्व दिले. ऑगस्टसने इसवी सनपूर्व २९ मध्ये आशिया प्रांतातील पर्गामम येथे रोमा देवतेच्या जोडीने स्वतःचे मंदिर उभारण्यास अनुमती दिली, खुद्द रोममध्ये मात्र जिवंतपणी उघड देवपद घेण्याचे टाळले. इसवी सन १४ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर सिनेटने त्यालाही देव ठरवले. देवपद हा असा सभेच्या ठरावाचा विषय झाला. इसवी सन ७९ मध्ये मरणासन्न व्हेस्पेशियनने आपण आता देव होऊ लागलो आहोत, असा विनोद केल्याचे सुएटोनियस सांगतो. हसण्यासारखी ही गोष्ट सर्वांना हसण्यासारखी नव्हती. इसवी सन ११२ च्या सुमारास बिथिनियाचा अधिकारी प्लिनी याने ट्रेजन बादशहाला पाठवलेल्या पत्रात एक कसोटी नमूद आहे. ख्रिस्ती असल्याचा आरोप ज्यांच्यावर आहे, त्यांनी देवांचे आवाहन करून बादशहाच्या प्रतिमेपुढे धूप आणि मद्य अर्पण करावे. जो करील तो सुटेल. पूजा येथे श्रद्धेची खूण राहिलेली नाही, ती निष्ठेची हजेरी झाली आहे. कोणाच्या मनात काय आहे याच्याशी साम्राज्याला कर्तव्य नव्हते. हात धूपाकडे जातो की नाही, एवढेच त्याला पाहायचे होते.

आपल्याकडील शास्त्रकारांनी राजाच्या देवत्वाबद्दल काही कमी लिहिलेले नाही. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायानुसार राजा बालक असला तरी त्याला माणूस समजून अवमानू नये, कारण तो मनुष्यरूपातील मोठी देवता आहे. कौटिल्याचे अर्थशास्त्र मात्र या कल्पनेची दुसरी बाजू उघडी करते. तेथे राजा हा इंद्र आणि यम यांच्या स्थानी आहे, हे वचन एका गुप्तहेराच्या तोंडी येते. लोकांच्या जमावात दोन हेरांनी वाद घालावा, एकाने राजाला नावे ठेवावीत, दुसऱ्याने त्याचे देवत्व सांगून त्याला गप्प करावे, अशी ती योजना आहे. राजाचे देवत्व सिद्धांत म्हणून नव्हे, तर कारभाराचे एक साधन म्हणून मांडणारा इतका निर्विकार ग्रंथ प्राचीन जगात विरळाच. गुप्तांच्या दरबारी कवीला असा निर्विकारपणा परवडणारा नव्हता. अलाहाबादच्या स्तंभावरील हरिषेणाच्या प्रशस्तीत समुद्रगुप्त हा कुबेर, वरुण, इंद्र आणि यम यांच्या तोडीचा आहे. लोकव्यवहाराची कर्मे करतो एवढ्यापुरताच तो मनुष्य, एरवी पृथ्वीवर राहणारा देवच.

याच समुद्रगुप्ताची नात विदर्भात सून म्हणून आली. द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटक राजा द्वितीय रुद्रसेन याची राणी. पतीच्या निधनानंतर तिने अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्य चालवले. वाकाटकांच्या ताम्रपटांची भाषा समुद्रगुप्ताच्या प्रशस्तीशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. प्रथम प्रवरसेनाने अग्निष्टोम, वाजपेय इत्यादी यज्ञांसह चार अश्वमेध केले आणि तो 'सम्राट' म्हणवला गेला. त्याच्यानंतरचे राजे 'महाराज' या पदवीवर समाधानी दिसतात. प्रथम रुद्रसेन हा स्वामी महाभैरवाचा परमभक्त. त्याच्या आईकडील भारशिव घराण्याने शिवलिंग खांद्यावर वाहून शिवाला संतुष्ट केले, आणि त्यातून राजवंश उत्पन्न झाला, असे हे लेख सांगतात. द्वितीय रुद्रसेनाचे वैभव चक्रपाणीच्या प्रसादाने मिळालेले, तर द्वितीय प्रवरसेनाने शंभूच्या प्रसादाने कृतयुग स्थापलेले. पिढीगणिक दैवत बदलते, पण वाक्याची घडण बदलत नाही. राजा देव नाही. तो देवाचे ओझे वाहणारा आहे, देवाच्या प्रसादावर जगणारा आहे.

रिद्धपूरच्या ताम्रपटात ही भूमिका टोकाला जाते. द्वितीय प्रवरसेनाच्या १९ व्या राज्यवर्षातील हे दान राजधानीतून दिलेले नाही. ते रामगिरिस्वामीच्या पादमूलातून, म्हणजे रामटेकच्या देवाच्या चरणांपासून दिलेले आहे. प्रभावती स्वतःला भगवंताची अत्यंत भक्त म्हणवते. वंशावळ मात्र ती माहेरची, गुप्तांची देते. राजाज्ञा जेथून निघते ते ठिकाण सिंहासन नसून देवाचे पाय आहे. 'मेघदूता'तील रामगिरीच्या उतारावर रघुपतीची लोकवंद्य पावले उमटलेली आहेत, हे वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. तो रामगिरी म्हणजे रामटेक, हे मत वा. वि. मिराशी यांनी हिरिरीने मांडले. कालिदासाच्या यक्षाला जी पावले विरहात दिसतात, तीच एका विधवा राणीच्या राज्यकारभाराची सही झाली आहेत.

यात विनय आहे, तसे चातुर्यही आहे. जो स्वतः देव होतो, त्याला देवाची जबाबदारी घ्यावी लागते. पाऊस पडला नाही तर दोष त्याचा. जो देवाच्या पायांशी बसून आज्ञा देतो, त्याची आज्ञा देवाची होते आणि चूक मात्र माणसाची राहते. याचा पुरावा अचलपूरजवळच्या चम्मक येथे सापडलेला ताम्रपट देतो. द्वितीय प्रवरसेनाच्या १८ व्या वर्षी भोजकट राज्यातील, मधुनदीकाठचे चर्माङ्क हे गाव, ८,००० भूमी एवढे, १,००० ब्राह्मणांना दिले गेले. दान निरपेक्ष नाही. सप्तांग राज्याशी द्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी, परदारागमन, राजाला विषप्रयोग यांत सापडू नये, लढाई करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये, तोवरच हे दान. याविरुद्ध वागल्यास जमीन काढून घेणाऱ्या राजाला चोरीचा दोष नाही. प्लिनीची कसोटी आणि ही अट शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्हीकडे सत्तेला निष्ठा हवी आहे. रोमने ती धुपाच्या चिमटीत मोजली. विदर्भात ती जमिनीच्या करारात लिहिली. ज्याला निष्ठेचे कलम लिहिता येते, त्याला स्वतःची मूर्ती बसवण्याची फारशी गरज उरत नाही.

तरीही मृत्यूनंतर रेषा थोडी सरकते. रामटेकच्या केवल-नरसिंह मंदिरातील शिलालेख बराच झिजलेला आहे. त्यात 'प्रभावतीस्वामी' हे नाव वाचले गेले आहे, आणि राणीच्या पुण्यार्थ तिच्या कन्येने हे देवालय उभारले, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. मूर्ती विष्णूची, नाव मात्र राणीचे. देवाला माणसाच्या नावाने हाक मारण्याची ही रीत पुढे भारतभर दिसते. तंजावरचे मोठे मंदिर राजराज चोळाच्या नावावरून राजराजेश्वर झाले, ते १०१० च्या सुमारास पूर्ण झाले. भक्त पूजा करतो शिवाची, तोंडात नाव येते राजाचे. अकोल्याच्या ग्रामदैवताचे नावही राजराजेश्वरच आहे. पण तेथे कोणा राजाची आठवण नाही. देवच राजांचा राजा आहे. श्रावणात गांधीग्रामच्या पूर्णेचे पाणी कावडीने खांद्यावरून आणून त्याला घालतात. भारशिवांशी या कावडीचे नाते जोडण्यास काही आधार नाही, आणि आम्हीही जोडत नाही. देवाला खांद्यावर वाहण्याचा मान एके काळी राजवंशाची खूण होता, आज तो गल्लीतल्या तरुण मंडळाला मिळतो, एवढेच नोंदवतो.

आता रिद्धपूरकडे परत येऊ. प्रभावतीनंतर सुमारे आठशे वर्षांनी, तेराव्या शतकात, या गावात गुंडम राऊळ नावाचा एक पुरुष राहत होता. महानुभाव त्यांना गोविंदप्रभू म्हणतात आणि पंचकृष्णांत त्यांची गणना करतात. लहानपणीच आईबाप गेलेले, मावशी-मामांनी वाढवलेले. देवळांतून, गल्लीबोळांतून हिंडणारे, लोकांच्या स्वयंपाकघरांत शिरणारे, कधी हसणारे, कधी रागावणारे. गाव त्यांना वेडे म्हणत असे, आणि तेच गाव त्यांना मायबापही म्हणत असे. गावाबाहेरच्या मातंगांनी पाण्यावाचून होणारे हाल सांगितले, तेव्हा त्यांनी जागा दाखवली, तेथे विहीर खणली आणि पाणी लागले, अशी लीळा आहे. भडोचचा प्रधानपुत्र हरिपाळ रामटेकच्या यात्रेस निघाला आणि वाटेत रिद्धपूरला त्याला गोविंदप्रभू भेटले, असे परंपरा सांगते. तोच पुढे चक्रधर. प्रभावतीची आज्ञा रामटेकच्या चरणांपासून निघून रिद्धपुरात ताम्रपटाच्या रूपाने पोचली होती. हरिपाळ रामटेकच्या देवाकडे निघाला आणि त्याचा देव त्याला रिद्धपूरच्या रस्त्यावरच भेटला.

'राऊळ' हा शब्द येथे व्यक्तीच्या नावाला चिकटलेला आहे. राजकुलाचे नाव अशा माणसाला मिळाले आहे, ज्याच्यापाशी कुल नाही, राज्य नाही, सेना नाही. सम्राटपूजेचे हे नेमके उलटे टोक आहे. सम्राटपूजेत सत्ता आधी असते आणि देवत्व मागाहून ठरावाने मिळते. येथे देवत्व आधी मानले गेले, आणि सत्ता कधी मागितलीच गेली नाही. महानुभावांनी जेथे जेथे अवतारांचे पाय लागले त्या जागांना चरणांकित स्थाने मानले, तेथे ओटे बांधले, आणि त्यांच्या नोंदी 'स्थानपोथी'त केल्या. पादमूल हा शब्द राजशासनातून निघून ओट्यावर आला.

वाङ्मयाच्या दृष्टीने याहून मोठा पालट घडला तो लेखनाच्या प्रकारात. राजाविषयीचे लेखन म्हणजे प्रशस्ती. प्रशस्तीत विशेषणे असतात, वंशावळ असते, जिंकलेल्यांची यादी असते. राजा काय जेवला, कोणावर चिडला, कोणत्या ओसरीवर झोपला, हे तिच्यात कधी येत नाही. आले तर तो माणूस होईल, आणि प्रशस्तीचे प्रयोजन संपेल. गोविंदप्रभूंच्या निधनानंतर संकलित झालेल्या त्यांच्या चरित्रात आणि त्याआधीच्या 'लीळाचरित्रा'त नेमके हेच सारे येते. म्हाइंभट ज्यांनी पाहिले, ऐकले त्यांच्याकडून आठवणी जमवतात. जागा सांगतात, खाणे सांगतात, बोललेले वाक्य सांगतात. एकच प्रसंग निरनिराळ्या लोकांना निराळा आठवत असेल तर तो फरकही या परंपरेने जपून ठेवला. प्रशस्तीला पाठभेद नको असतो. लीळेला तो चालतो, कारण तिला पराक्रम सिद्ध करायचा नसून सहवास टिकवायचा असतो. मराठी गद्याचा आरंभ असा एका प्रतिप्रशस्तीतून झाला, असे आम्ही म्हणू इच्छितो. देवाला माणसासारखे लिहिण्याचे धैर्य ज्या गद्याला झाले, त्याला पुढे राजालाही माणसासारखे लिहिता येईल.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो घ्यावाच. राज्य न मागणारा देवपुरुषही अखेर सत्तेचीच एक जात निर्माण करतो. महानुभावांतही पुढे आम्नाय झाले, महंत झाले, गाद्या झाल्या. 'गादी', 'दरबार', 'छत्र', 'चवरी', 'महाराज', 'स्वामी' हे सारे शब्द मराठीत राजाकडून संताकडे गेले आहेत, आणि शब्द जातात तेव्हा मोकळ्या हाताने जात नाहीत. आक्षेप खरा आहे. फरक एवढाच की संताच्या गादीपुढे धूप न घालणाऱ्याला प्लिनी शिक्षा करीत नाही. नमस्कार नाकारण्याची मोकळीक जेथवर आहे, तेथवर ती भक्ती. ती मोकळीक संपली की दैवत संताचे असो वा राजाचे, पूजा सम्राटाचीच होते.

वऱ्हाडाने हा पेच आधुनिक काळातही पाहिला. १८९७ हे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचे वर्ष. २२ जून रोजी त्या समारंभाच्या रात्री पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच जूनमध्ये 'केसरी'त छापल्या गेलेल्या शिवराज्याभिषेकोत्सवाविषयीच्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि सप्टेंबरात त्यांना शिक्षा झाली. डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीस भरले, अध्यक्ष शंकरन् नायर आणि स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. एका सम्राज्ञीचा उत्सव सरकारी होता, एका छत्रपतीचा उत्सव राजद्रोह ठरत होता. परक्या सम्राटपूजेला उत्तर म्हणून आपल्या राजाचा उत्सव उभा राहिला, तो त्या काळी मुक्तीचा मार्गच होता. पण उत्सवाची सवय राज्य बदलल्यावरही उरते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी इशारा दिला तो याच सवयीविषयी होता. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणात मात्र विभूतिपूजा अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय होता. आपल्या साऱ्या विवेचनाचा सारांश त्या एका भेदात आहे.

आणि तरीही तो भेद राखणे किती कठीण! गाडगेबाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. आपला कोणी शिष्य नाही असे सांगणारे, दगडाच्या देवापेक्षा भुकेल्याला अन्न द्या म्हणणारे, हातात खराटा घेऊन फिरणारे. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. आज अमरावतीस त्यांचे समाधिमंदिर आहे, आणि विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे. त्या मंदिरात हात जोडणाऱ्याची आम्ही चेष्टा करणार नाही, कारण आम्हीही तेथे हात जोडले आहेत. मात्र भासाच्या देवकुलातील तो रक्षक अशा वेळी आठवावा. त्याने मूर्ती फोडली नाही, दार लावून घेतले नाही. वाकणाऱ्या माणसाला त्याने एवढेच सांगितले की समोर कोण आहे हे आधी ओळखा. वाङ्मय शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसांकडे त्या रक्षकाचेच काम आले आहे, असे आम्हांस वाटते.